अनपेक्षित जागी आलेली गाठ : कर्करोगाचे मूळ कसे शोधावे

काही वर्षांपूर्वी यावल तालुक्यातून माझ्या प्रयोगशाळेत एक लहानशी बाटली आली. बाटलीत हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा होता आणि सोबतच्या चिठ्ठीवर चारच शब्द होते : 'उजवी तर्जनी, नखुर्डे, पू?' केळीच्या बागेत घड कापण्याचे काम करणाऱ्या, साठीच्या आसपासच्या त्या माणसाचे बोट दोन महिने सुजलेले होते. त्याला दोनदा चिरा दिला गेला होता, दोन्ही वेळा पू न निघता नुसते रक्त आले होते, आणि पहिल्या वेळी निघालेला मांसल भाग ड्रेसिंगच्या कापसाबरोबर टाकून देण्यात आला होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्या तुकड्यात पूपेशी जवळजवळ नव्हत्याच. ग्रंथींसारख्या आकारात मांडलेल्या कर्करोगाच्या पेशी होत्या. मी फोन करून विचारले, तेव्हा कळले की रुग्ण चाळीस वर्षे बिडी ओढतो, तीन महिन्यांपासून खोकतो आहे आणि त्याचे धोतर कमरेला ढिले पडू लागले आहे. छातीचा साधा एक्स-रे काढला आणि डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात मूळ गाठ दिसली.

हाडांत पसरणाऱ्या कर्करोगांपैकी हाताच्या बोटापर्यंत पोहोचणारा हजारात एखादा असतो, त्यामुळे नखुर्डे समजून उपचार करणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण तुकडा टाकून देणे टाळता आले असते आणि चिठ्ठीवर दोन ओळी जास्त लिहिता आल्या असत्या. अनपेक्षित जागी आलेल्या गाठीचे मूळ बहुतेक वेळा महागड्या स्कॅनच्या आधी तीन गोष्टींत सापडते : रुग्णाची पूर्ण हकीकत, त्याचे जुने कागद आणि नीट घेतलेला, नीट पाठवलेला तुकडा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतले माझे डॉक्टर सहकारी आणि रुग्णांचे नातेवाईक या दोघांसाठी ही माहिती लिहीत आहे, कारण या कामात दोघांचा वाटा सारखाच मोठा आहे.

ठरलेली वाट आणि आडवाट

कर्करोग मूळ अवयवातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या बहुतेक वाटा ठरलेल्या असतात. आतड्यांचे रक्त आधी यकृतात जाते, म्हणून मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची दुय्यम गाठ बहुधा यकृतात आढळते; इतर बहुतेक अवयवांचे रक्त हृदयामार्गे फुफ्फुसांत येते, म्हणून तिथे गाठी दिसतात. तंबाखू-चुना मळण्याच्या आणि गुटख्याच्या सवयीमुळे आपल्याकडे गावोगाव माहीत झालेला तोंडाचा कर्करोग आधी जबड्याखालच्या आणि मानेच्या वरच्या भागातल्या लसिकाग्रंथींत (लसिका हा पेशींभोवतालचा पातळ द्रव गाळणाऱ्या लहान गाठींत) उतरतो. (गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो पानटपरीवर मिळतो हे आपण सारेच पाहतो.) स्तनाचा कर्करोग काखेत जातो, तर प्रोस्टेटचा कमरेच्या मणक्यांत आणि कटीच्या हाडांत शिरतो.

रक्ताचा ओघ हे सगळ्याचे उत्तर नाही, हे स्टीफन पॅजेट या इंग्लिश शल्यचिकित्सकाने १८८९ मध्येच ओळखले होते. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनांच्या नोंदी तपासून त्याने असे मांडले की कर्करोगाची पेशी हे बी आहे आणि अवयव ही जमीन आहे. बी सगळीकडे उडते, पण रुजते तिथेच जिथे जमीन मानवते. तापीकाठच्या काळ्या जमिनीत कपाशी कशी येते आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या मुरमाडात तेच बियाणे कसे खुरटते, हे पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पुढे १९४० मध्ये ऑस्कर बॅट्सन या अमेरिकी शरीररचनातज्ज्ञाने दाखवून दिले की पाठीच्या कण्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यात झडपा नसतात. खोकताना, कुंथताना किंवा ओझे उचलताना पोटातला दाब वाढला की त्या शिरांतले रक्त उलट दिशेने वाहू शकते, आणि त्यामुळे कटिभागातल्या पेशी फुफ्फुसाला वळसा घालून थेट मणक्यांत, क्वचित कवटीतही पोहोचतात.

आडवाट फक्त जागेची असते असेही नाही. कधी ती काळाची असते : मूत्रपिंडाचा कर्करोग काढून दहा-बारा वर्षे लोटल्यावर, माणूस ते आजारपण विसरून गेल्यावर, त्याच कर्करोगाची गाठ थायरॉइडमध्ये किंवा स्वादुपिंडात उगवते. डोळ्याच्या आतील मेलॅनोमासाठी (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगासाठी) डोळा काढलेल्या माणसाचे यकृत कित्येक वर्षांनी सुजते. कधी ती टप्प्याची असते : जिभेचा कर्करोग मानेतल्या वरच्या ग्रंथी सोडून एकदम खालच्या ग्रंथीत दिसतो. आणि कधी ती सोंगाची असते, म्हणजे दुय्यम गाठ दुसऱ्याच अवयवाच्या मूळ आजारासारखी हुबेहूब दिसते. या शेवटच्या प्रकाराने अनुभवी माणसेही फसतात.

कोणत्या जागी थबकावे

डाव्या गळपट्टीच्या हाडाच्या वर, मानेच्या खाचेत, बोटांना टणक गाठ लागली तर मानेचाच विचार करून थांबू नये. पोटातून आणि छातीतून लसिका गोळा करणारी मुख्य नळी डाव्या बाजूलाच मोठ्या शिरेला मिळते, त्यामुळे जठर, स्वादुपिंड, अंडाशय, वृषण, प्रोस्टेट यांपैकी कोणत्याही अवयवाचा कर्करोग इथे पहिल्यांदा प्रकट होऊ शकतो. रुडॉल्फ फिरखोव या जर्मन रोगनिदानतज्ज्ञाच्या नावाने ही गाठ ओळखली जाते. ती तपासताना रुग्णाला बसवावे, मान किंचित पुढे झुकवायला सांगावे आणि मागून बोटे खाचेत घालावीत. आडव्या रुग्णात ती निसटते.

बेंबीतली गाठ ही दुसरी खूण. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे विल्यम मेयो यांच्या शस्त्रक्रियांत मदत करणाऱ्या सिस्टर मेरी जोसेफ यांच्या लक्षात आले की शस्त्रक्रियेपूर्वी पोट स्वच्छ करताना ज्यांच्या बेंबीत कठीण गाठ लागते, त्यांच्या पोटात कर्करोग पसरलेला आढळतो. आज ती गाठ त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आपल्याकडे बेंबीची गाठ हर्निया समजली जाते किंवा 'बेंबी सरकली' म्हणून चोळली जाते. हर्निया साधारणपणे मऊ असतो, खोकल्यावर फुगतो आणि दाबल्यावर आत जातो. टणक, न हलणारी, वरून लालसर किंवा ओलसर गाठ चोळू नये, तिचा तुकडा घ्यावा.

हनुवटी किंवा खालचा ओठ एका बाजूने बधिर होणे ही तक्रार इतकी किरकोळ वाटते की रुग्ण ती सांगतच नाही. दात काढलेला नाही, मार लागलेला नाही, तोंडात फोड नाही आणि तरीही हनुवटी बधिर असेल, तर खालच्या जबड्याच्या हाडात स्तनाच्या कर्करोगाची दुय्यम गाठ किंवा लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग) असण्याची शक्यता धरूनच तपास करावा. दंतवैद्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की हिरडीवर उगवलेली आणि सहज रक्त येणारी लाल गाठ कापली की ती फेकू नये. फुफ्फुसाच्या आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या दुय्यम गाठी हिरडीवर अगदी साध्या सुजेसारख्या दिसतात.

डोक्याच्या कातडीवरची न दुखणारी, केस गळलेली गाठ, छातीच्या कातडीवर पसरणारा आणि विसर्प, म्हणजे कातडीचा जंतुसंसर्ग, समजून अँटिबायोटिक दिल्यावरही न हटणारा लालपणा, किंवा नागिणीसारखी एका पट्ट्यात उठलेली पण महिनोन्महिने न बरी होणारी पुरळ यांचीही तीच गोष्ट आहे. डोक्यावरची किंवा छातीच्या मधल्या हाडावरची गाठ ठोके देत असेल, हाताला धडधड लागत असेल, तर सुई घालण्याआधी थांबावे, कारण थायरॉइड आणि मूत्रपिंड यांच्या दुय्यम गाठींत रक्तवाहिन्या भरपूर असतात आणि लहान दवाखान्यात तो रक्तस्राव आवरणे कठीण जाते.

अंडाशयाच्या गाठींविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथली चूक स्त्रीला दोनदा भोगावी लागते. दोन्ही अंडाशये मोठी झाली आणि सोनोग्राफीत भरीव दिसली, की ती अंडाशयाचीच गाठ समजून शस्त्रक्रिया ठरते. १८९६ मध्ये फ्रीडरिख क्रुकेनबर्ग यांनी अशाच गाठींचे वर्णन अंडाशयाचा मूळ आजार म्हणून केले होते. पुढे कळले की त्या बहुधा जठरातून आलेल्या असतात. खड्याच्या अंगठीसारख्या दिसणाऱ्या, केंद्रक एका कडेला ढकलले गेलेल्या पेशी ही त्यांची ओळख असते. म्हणून दोन्ही बाजूंची भरीव गाठ असलेल्या बाईला भूक मंदावली का, दोन घासांत पोट भरते का, शौच काळी होते का, हे विचारावे आणि शस्त्रक्रियेपूर्वी दुर्बिणीने जठर पाहून घ्यावे. उलट दिशेचा प्रवासही होतो. स्तनाच्या कर्करोगाचा लोब्युलर हा प्रकार पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन गमावतो आणि सुट्या पेशी रांगेने पसरत जठराच्या भिंतीत, पोटाच्या आवरणात, अंडाशयात शिरतात. त्यावेळी जठर मूळ जठर-कर्करोगासारखेच आकसलेले आणि ताठ दिसते. स्तनाची शस्त्रक्रिया सात वर्षांपूर्वी झाली होती एवढे एक वाक्य चिठ्ठीत नसेल, तर त्या बाईचे अख्खे जठर निष्कारण काढले जाण्याचा धोका असतो.

शस्त्रक्रियेच्या व्रणावर उगवलेली गाठ मात्र सहज ओळखता येते, फक्त आठवण हवी. खड्यांसाठी दुर्बिणीने पित्ताशय काढले आणि काही महिन्यांनी त्याच छिद्राच्या जागी गाठ आली, तर पित्ताशयात न ओळखलेला कर्करोग होता का हे पाहावे. काढलेली प्रत्येक पित्ताची पिशवी तपासणीला पाठवावी. ती प्लास्टिकच्या डबीत घालून नातेवाइकांच्या हातात देणे आणि त्यांनी खडे मोजून ती फेकून देणे हा प्रकार थांबला पाहिजे.

क्षय आणि कर्करोग यांची गल्लत

आपल्या भागात क्षयरोग इतका आहे की मानेतली गाठ, पोटातले पाणी, पाठीचे दुखणे आणि छातीतले ठिपके यांकडे पाहिले की पहिला विचार क्षयाचाच येतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. त्यामुळेच उरलेल्या वेळा जास्त घातक ठरतात. 'मनी कंबर दुखी ऱ्हायनी' असे सांगत आलेल्या आजींच्या एक्स-रेत मणका खचलेला दिसला, टीबीचा कोर्स सुरू झाला आणि चार महिन्यांनी पाय लुळे पडल्यावर तुकडा घेतला गेला, अशा घटना माझ्या टेबलावर येत राहतात.

मणक्याच्या बाबतीत एक खूण उपयोगी पडते. क्षयात साधारणपणे दोन मणके आणि त्यांच्यामधली चकती एकत्र खराब होतात, शेजारी पू साठतो. कर्करोगात चकती बहुधा शाबूत राहते आणि मणक्याचा मागचा जोडखांब आधी पोखरला जातो. ही खूण एमआरआयत चांगली दिसते, पण दोन्ही बाजूंनी अपवाद आहेत. तेव्हा निर्णय शेवटी तुकड्यावरच व्हावा.

पोटातल्या पाण्याबाबतची गल्लत तर दोन्ही दिशांनी होते. पोटाच्या क्षयात सीए-१२५ ही रक्ततपासणी शेकड्यांत जाऊ शकते, पोटाचे आवरण जाड दिसते, वजन उतरते. हे पाहून तरुण मुलीला अंडाशयाचा कर्करोग सांगितला जातो आणि घर हादरून जाते. सीए-१२५ वाढले म्हणजे कर्करोग ठरला, असे कोणी सांगितले तर नातेवाइकांनी शांतपणे विचारावे की पाण्याची एडीए (क्षयात बहुधा वाढणाऱ्या एन्झाइमची तपासणी), पेशींची तपासणी आणि पोटाच्या आवरणाचा तुकडा यांतले काय झाले आहे. याच्या उलट, एडीए थोडी जास्त आली म्हणून वयस्क बाईला क्षयाची औषधे देत राहणेही तितकेच चुकीचे आहे.

फुफ्फुसभर पसरलेले बारीक, बाजरीच्या दाण्यांएवढे ठिपके क्षयात दिसतात, तसेच थायरॉइडच्या आणि फुफ्फुसाच्याच काही कर्करोगांतही दिसतात. थुंकीत जंतू सापडला नाही आणि सीबीनॅट ही क्षयजंतूची जनुके शोधणारी तपासणीही नकारार्थी आली, तर औषधे सुरू करण्याआधी एकदा मान आणि थायरॉइड हाताने तपासून घ्यावे. तुकडा मिळणे अशक्य असल्यामुळे औषधे अंदाजाने सुरू करावी लागली, तर त्याच दिवशी फाईलवर पुढची तारीख लिहून ठेवावी, साधारण आठ आठवड्यांनंतरची. त्या तारखेला वजन, ताप, गाठीचे माप आणि एक्स-रे यांची तुलना करावी आणि फरक नसेल तर तुकडा घ्यावाच. ही साधी शिस्त पाळली तर अनेकांचे मौल्यवान महिने वाचतील. आणखी एक गोष्ट : निदान होण्याआधी स्टेरॉइड देऊ नये. लिम्फोमा स्टेरॉइडने काही दिवसांत विरघळतो आणि मग तुकड्यात काहीच ओळखता येत नाही. पाठीच्या कण्यावर दाब येऊन पाय जात असतील तो प्रसंग याला अपवाद आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेलचा आजार बराच आढळतो. त्यात हाडाचा रक्तपुरवठा तुटून जे बदल होतात, ते एक्स-रेत आणि हाडांच्या स्कॅनमध्ये कर्करोगाच्या गाठींसारखे भासू शकतात. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या रुग्णाचे हाड दुखत असेल तर सिकलसेलची तपासणी आधीच करून घ्यावी, ती स्वस्त आहे आणि लवकर होते.

तुकडा घेणे, पाठवणे आणि चिठ्ठी लिहिणे

सर्वांत सहज पोहोचता येईल अशा गाठीतून तुकडा घ्यावा. मानेतली गाठ हाताला लागत असताना यकृतात सुई घालण्याचे कारण नसते. बारीक सुईची एफएनएसी ही सुरुवातीला चांगली. ती क्षय आहे की कर्करोग आहे एवढे बऱ्याचदा सांगते. पण कर्करोग कुठून आला हे विचारायचे असेल तर जाड सुईची ट्रूकट बायोप्सी किंवा पूर्ण ग्रंथी लागते, कारण पुढच्या तपासण्यांना पुरेल इतका भाग त्यातूनच मिळतो. वृषणाच्या गाठीत मात्र अंडपिशवीच्या कातडीतून कधीही सुई घालू नये. वृषणाची लसिका पोटात मागच्या बाजूला जाते, आणि कातडी टोचली की कर्करोगाला जांघेतली नवी वाट मिळते.

तुकडे दोन भागांत ठेवावेत. एक भाग फॉर्मेलिनमध्ये, आणि क्षयाची थोडीही शंका असेल तर दुसरा भाग निर्जंतुक सलाईनमध्ये, सीबीनॅट आणि कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून पाहण्यासाठी. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतो, त्यामुळे सगळा तुकडा त्यात घातला की कल्चरचा प्रश्नच मिटतो. फॉर्मेलिन तपासणीचे म्हणजे दहा टक्क्यांचे हवे. दुकानात मिळणारे तीव्र द्रावण एक भाग आणि पाणी नऊ भाग असे ते पातळ केले जाते. शक्य असेल तिथे तयार बफर केलेलेच वापरावे. द्रावण तुकड्याच्या दहापट असावे आणि बाटलीचे तोंड रुंद असावे. औषधाच्या अरुंद बाटलीत कोंबलेला तुकडा कडक झाल्यावर ती बाटली फोडून काढण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली आहे. मे महिन्यात, भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, फॉर्मेलिनऐवजी सलाईनमध्ये किंवा कोरड्या गॉजमध्ये गुंडाळून एसटीने पाठवलेला तुकडा पोहोचेपर्यंत सडतो. अशा तुकड्यातून मला काहीही सांगता येत नाही, आणि त्या रुग्णाला पुन्हा एकदा सुई सोसावी लागते. तुकडा फॉर्मेलिनमध्ये निदान सहा तास असावा आणि बहात्तर तासांपेक्षा जास्त राहू नये, हे स्तनाच्या हार्मोन तपासणीसाठी विशेष महत्त्वाचे आहे. हाडाचा तुकडा तीव्र ॲसिडने मऊ केला की हार्मोनच्या आणि जनुकांच्या तपासण्या बिघडतात, म्हणून बरोबरचा मऊ भाग आधीच वेगळा काढून ठेवावा.

पोटातले किंवा छातीतले पाणी पाठवताना चमचाभर पाठवू नये. पन्नास-शंभर मिलिलिटर पाठवले तर त्यातल्या पेशी गोळा करून सेलब्लॉक बनवता येतो आणि तुकड्यावर होतात त्याच तपासण्या त्यावर होतात. मेंदूच्या आवरणात कर्करोग पसरल्याची शंका असेल, म्हणजे डोकेदुखी, एकाच्या जागी दोन दिसणे, तोंड वाकडे होणे या तक्रारी एकत्र येत असतील, तर आधी कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय करावा आणि मग पाठीतले पाणी काढावे. ते लगेच प्रयोगशाळेत न्यावे. पहिल्या नमुन्यात पेशी सापडण्याची शक्यता साधारण निम्मीच असते, म्हणून पहिला नमुना कोरा आला तरी दुसरा पाठवावा.

आता चिठ्ठी. बोटाच्या त्या तुकड्यासोबत पुढीलप्रमाणे मजकूर आला असता, तर माझा पहिला दिवस फोन करण्यात गेला नसता : 'पुरुष, ६१. उजव्या तर्जनीच्या टोकाला दोन महिने सूज, वेदना. दोनदा चिरा, पू नाही. एक्स-रेत टोकाचे हाड विरघळलेले. बिडी चाळीस वर्षे. खोकला तीन महिने, वजन कमी. पूर्वी क्षयाची औषधे घेतलेली नाहीत. पूर्वी कोणतीही गाठ काढलेली नाही. एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये, एक सलाईनमध्ये.'

यातले 'पूर्वी कोणतीही गाठ काढलेली नाही' हे वाक्य सर्वांत मोलाचे आहे, आणि ते खात्री करून लिहावे. रुग्ण सांगतात की काही झाले नाही, पण पदर सरकवला की छातीवर आडवा व्रण दिसतो, धोतर ढिले केले की बरगडीखाली लांब व्रण दिसतो. 'ते तर मुंबईला केलं होतं, दहा वर्षं झाली, आता त्याचं काय?' असे घरच्यांचे उत्तर असते. घरच्यांनी लोखंडी पेटी, देवघरामागचा कोनाडा, लग्न झालेल्या मुलीचे घर, सगळीकडे ती जुनी फाईल शोधावी. रिपोर्ट सापडला नाही तरी शस्त्रक्रिया कुठे झाली हे कळले, तर त्या ठिकाणी जतन केलेला पॅराफिन ब्लॉक मागता येतो. पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा, आत गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा तो चौकोन असतो. जुन्या आणि नव्या गाठीच्या स्लाइड शेजारी ठेवून पाहिल्या की अनेकदा दहा मिनिटांत उत्तर मिळते.

प्रयोगशाळेत काय पाहतात आणि स्कॅन केव्हा करावा

आम्ही पहिल्यांदा हे ठरवतो की गाठ कोणत्या जातीची आहे : अवयवांच्या अस्तराची, लिम्फोमा, मेलॅनोमा की स्नायू-हाडांची. नुसत्या लिम्फोमाची ओळख पटली तरी रुग्णाचे भविष्य बदलते, कारण त्याचा उपचार वेगळा आणि बऱ्याचदा यशस्वी असतो. अस्तराचा कर्करोग निघाला की मग आयएचसी, म्हणजे पेशींतली विशिष्ट प्रथिने रंगवून दाखवणारी तपासणी. सीके-७ आणि सीके-२० ही जोडी पहिली दिशा दाखवते. सीके-७ नाही आणि सीके-२० आहे, तर मोठे आतडे. दोन्ही नाहीत तर प्रोस्टेट, यकृत किंवा मूत्रपिंड. फक्त सीके-७ असेल तर फुफ्फुस, स्तन, अंडाशय आणि इतर बरेच. पुढे टीटीएफ-१ फुफ्फुस आणि थायरॉइडकडे बोट दाखवते, गाटा-३ स्तन आणि मूत्राशयाकडे, पॅक्स-८ मूत्रपिंड, थायरॉइड आणि अंडाशयाकडे, सीडीएक्स-२ आतड्याकडे, एनकेएक्स-३.१ प्रोस्टेटकडे. यातली एकही खूण एकट्याने पुरेशी नसते. थायरॉइडमधल्या गाठीत पॅक्स-८ दिसले तर ती थायरॉइडचीच की मूत्रपिंडातून आलेली, हे थायरोग्लोब्युलिन पाहिल्याशिवाय ठरत नाही. प्रत्येक खुणेचे पैसे लागतात आणि प्रत्येक खुणेला तुकड्याची एक चकती खर्ची पडते. हकीकत नीट असेल तर चार खुणांत काम होते, ती नसेल तर बारा लागतात आणि तुकडा संपून जातो.

पेट-सीटी, म्हणजे साखर जास्त शोषणाऱ्या पेशी चमकताना दाखवणाऱ्या स्कॅनविषयी लोकांच्या मनात असा समज झाला आहे की तो केला की सारे कळते. तो उपयोगी आहे, विशेषतः मानेत कर्करोगाची ग्रंथी आहे आणि तोंडात-घशात मूळ सापडत नाही तेव्हा, किंवा तुकडा कुठून घ्यावा हे ठरवताना. पण क्षयाची गाठही त्यात कर्करोगासारखीच चमकते. लोब्युलर स्तन-कर्करोग, अंगठीसारख्या पेशींचा जठर-कर्करोग आणि मूत्रपिंडाच्या काही गाठी बऱ्याचदा फारशा चमकत नाहीत, आणि मेंदू मुळातच चमकत असल्याने तिथल्या लहान गाठी झाकल्या जातात. मधुमेहींनी साखर दोनशेच्या आत आणून, चार ते सहा तास उपाशी राहूनच या स्कॅनला जावे. शेती गहाण ठेवून स्कॅन करण्याआधी तोंड, स्तन, थायरॉइड, वृषण, तळपाय आणि सर्व जुने व्रण पाहिले गेले का, गुदमार्गातून बोटाने प्रोस्टेट तपासली गेली का, हे नातेवाइकांनी निःसंकोच विचारावे. अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या टाचेवरचा काळा डाग जांघेतल्या गाठीचे कारण असू शकतो आणि तो कोणी पाहिलेला नसतो.

एका प्रसंगात वरचा क्रम पाळत बसू नये. पाठदुखीसोबत पाय जड पडू लागले, कमरेखाली मुंग्या आल्या, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर त्याच दिवशी संपूर्ण पाठीच्या कण्याचा एमआरआय होईल आणि स्टेरॉइड, शस्त्रक्रिया किंवा रेडिएशनचा निर्णय घेता येईल अशा ठिकाणी पोहोचावे. उपचार सुरू होताना जो चालत असतो, तो पुढेही बहुधा चालत राहतो. पाय पूर्ण गेल्यावर ते परत येणे फार कठीण असते. सकाळच्या गाडीची वाट पाहू नये.

मूळ सापडले नाही तर

कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी तीन ते पाच जणांत सगळे करूनही मूळ सापडत नाही. हा कोणाचा निष्काळजीपणा असतोच असे नाही. मूळ गाठ इतकी लहान असू शकते की कोणत्याही स्कॅनला दिसू नये. अशा वेळी उपचाराने निश्चित फायदा होईल असे काही गट मात्र सोडू नयेत. बाईच्या फक्त काखेत कर्करोगाची ग्रंथी असेल आणि स्तनात काही दिसत नसेल, तर स्तनांचा एमआरआय करून तिच्यावर स्तनाच्या कर्करोगाप्रमाणे उपचार करतात. पुरुषाची हाडे एक्स-रेत पांढरी, दाट दिसत असतील तर पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी करावी, कारण प्रोस्टेटचा कर्करोग पसरलेला असला तरी हार्मोनच्या उपचाराने पुष्कळदा वर्षानुवर्षे आटोक्यात राहतो. तरुण मुलाच्या छातीच्या किंवा पोटाच्या मध्यभागी भराभर वाढणारी गाठ असेल तर एएफपी आणि बीटा-एचसीजी या रक्ततपासण्या त्याच दिवशी पाठवाव्यात. जननपेशींचा कर्करोग पसरलेल्या अवस्थेतही बरा होऊ शकतो आणि तिथे आठवडाही दवडू नये.

शोध कुठे थांबवायचा हा निर्णय मला सर्वांत कठीण वाटतो. पुढच्या तपासणीचे उत्तर काहीही आले तरी उपचार तोच राहणार असेल, तर ती तपासणी करू नये, असे मी विचारायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि सुनेला सांगतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन यांचा समावेश आहे, तेव्हा उरलेला पैसा तपासण्यांत न घालता प्रवासाला, राहण्याला आणि खाण्यापिण्याला ठेवावा. दुसरे मत हवे असेल तर प्रत्येक वेळी रुग्णाला परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत ओढत नेण्याची गरज नसते. आधी ब्लॉक, स्लाइड आणि सर्व रिपोर्टच्या प्रती घेऊन घरातल्या एकाने जावे. दिलेल्या प्रत्येक ब्लॉकची नोंद वहीत करावी आणि काम झाल्यावर तो परत मागून घ्यावा, कारण वर्षभराने एखादे नवे औषध लागू पडते का हे पाहायचे झाले, तर तपासणी त्याच मेणाच्या चौकोनावर करावी लागेल.